बिनछपराचा डबा

इतिहासाच्या तासाला रेल्वे आली की स्टीफन्सनचे इंजिन येते, १८३० मधला लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग येतो आणि मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली आपली गाडी येते. इंजिनाचे चित्र मुले आवडीने काढतात. मागच्या डब्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आज आपण इंजिन सोडून डब्याकडे पाहू, आणि तोही तिसऱ्या वर्गाच्या.

रेल्वेच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंड-फ्रान्समधला तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे बऱ्याच ठिकाणी चाकांवर ठेवलेली, वरून उघडी अशी एक मोठी पेटीच होती. कडेच्या फळ्या बुटक्या. आत लाकडी बाके, आणि काही गाड्यांत तीही नाहीत. पाऊस, वारा, इंजिनाचा धूर आणि त्यातून उडणाऱ्या ठिणग्या या सगळ्यांचा प्रसाद प्रवाशांना मिळे. त्याच काळात पहिल्या वर्गाच्या डब्याला छप्पर होते, खिडक्यांना काचा होत्या, गुबगुबीत गाद्या होत्या. दुसरा वर्ग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

‘तिसऱ्या वर्गाला छप्पर का नव्हते?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मी अनेकदा विचारला आहे. उत्तर ठरलेले असते: छपराला खर्च येतो, गरीब माणूस कमी भाडे देतो, म्हणून छप्पर नाही. उत्तर वाजवी वाटते. पण थोडा हिशोब केला की ते डळमळू लागते. डब्याचा खरा खर्च चाके, आस, सांगाडा यांचा. रूळ, इंजिन, कोळसा, स्थानके यांचा खर्च तर त्याच्या कितीतरी पट. चार खांबांवर फळ्या ठोकून छप्पर करायला लागणारा पैसा त्यापुढे किरकोळ. शिवाय एकदा केलेले छप्पर वर्षानुवर्षे टिकते. मग कंपन्या इतक्या चिक्कू का झाल्या?

या प्रश्नाला नेमके उत्तर दिले ते एका अभियंत्याने. त्याचे नाव झ्यूल द्युपुई. जन्म १८०४ चा, फोसानो या गावी. हे गाव आज इटलीत आहे, तेव्हा ते फ्रान्सच्या ताब्यात होते. पॅरिसच्या इकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत शिकून तो फ्रान्सच्या रस्ते व पूल खात्यात दाखल झाला. रस्त्यांची झीज, नद्यांचे पूर, पॅरिसचे पाणी आणि गटारे असे त्याचे कामाचे विषय. भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांना तो वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो: जमिनीतून विहिरीकडे पाणी किती वेगाने झिरपेल हे काढण्याच्या १८६३ च्या सूत्रात त्याचे नाव आजही घेतले जाते. अर्थशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा विषय म्हणावा, तर त्यातही त्याने इतके केले की पुढच्या अर्थशास्त्रज्ञांना त्याची दखल घ्यावीच लागली.

त्याला पडलेला मूळ प्रश्न सरकारी अभियंत्याला पडावा असाच होता. एखादा पूल बांधला तर लोकांचा फायदा नेमका किती, हे मोजायचे कसे? वसूल झालेली पथकराची रक्कम म्हणजे फायदा, असे म्हणता येत नाही. ज्याला पूल ओलांडण्यासाठी पाच पैसेही द्यायची तयारी आहे तो एकच पैसा कर देऊन जातो, तेव्हा चार पैशांचा फायदा त्याच्या पदरात राहतो आणि तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. आणि ज्याला कर परवडत नाही म्हणून जो पूल टाळून लांबून जातो, त्याचे नुकसानही कुठे नोंदले जात नाही. द्युपुईने १८४४ मध्ये हे मांडले. आज बारावीची मुले ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणून जे शिकतात ते मार्शलच्या नावाने शिकतात, पण त्याचे बीज या पुलाच्या हिशोबात आहे.

१८४९ मध्ये त्याने पथकर आणि वाहतुकीचे दर यांवर दुसरा लेख लिहिला आणि त्यात तिसऱ्या वर्गाचा डबा आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. छपराचा खर्च वाचवावा म्हणून कंपनी डबा उघडा ठेवत नाही. तिला भीती वेगळीच आहे. तिसरा वर्ग बरा केला तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची ऐपत असलेला माणूसही तिसऱ्यात येऊन बसेल. त्याला तिथून पळवून लावायचे आहे. प्रवाशाच्या कपाळावर त्याची ऐपत लिहिलेली नसते, तेव्हा त्याने आपण होऊन महाग तिकीट घ्यावे यासाठी स्वस्त तिकिटाला काहीतरी काटा लावावा लागतो. मार बसतो गरिबाला, धाक बसतो श्रीमंताला. गरिबाशी कंपनीचे वैर काहीच नाही. आणि याच कारणाने पहिल्या वर्गात मात्र गरजेपेक्षा जास्त लाड होतात.

एकच सेवा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या दराने विकणे याला अर्थशास्त्रात मूल्यभेद म्हणतात. इथे त्याची एक खास जात आहे. दर वेगळा आहेच, पण वस्तूची गुणवत्ताही मुद्दाम वेगळी केलेली आहे, आणि ग्राहक स्वतःच आपली निवड करून आपली ऐपत उघड करतो.

आता यात समाजाचे भले झाले की वाईट? वाचकाच्या मनात उत्तर तयार असेल. मीही द्युपुईचा तो मजकूर प्रथम वाचला तेव्हा चिडलोच होतो. पण फळ्यावर साधे गणित मांडले की चीड जरा वेळ बाजूला ठेवावी लागते.

समजा एका मार्गावर १०० सुखवस्तू प्रवासी आहेत आणि १०० गरीब. छपराच्या डब्यातला प्रवास सुखवस्तू माणसाला १० फ्रँक मोलाचा वाटतो, म्हणजे तो जास्तीत जास्त १० देईल. गरीब माणूस जास्तीत जास्त ४ देईल. गाडी धावणारच आहे, म्हणून जादा प्रवाशाचा खर्च आपण शून्य धरू. (आकडे माझ्या मनाचे आहेत, सोयीसाठी घेतलेले.) कंपनीने एकच वर्ग ठेवला तर तिच्यापुढे दोन वाटा आहेत. भाडे १० ठेवले तर फक्त सुखवस्तू येतील आणि १००० फ्रँक मिळतील. भाडे ४ ठेवले तर २०० जण येतील, पण मिळतील ८००. कंपनी १० ठेवणार. गरीब पायी जाणार.

आता कंपनीने एक बिनछपराचा डबा जोडला. त्यात बाके आहेत. गरिबाला हा प्रवास ३ फ्रँक मोलाचा वाटतो, सुखवस्तू माणसाला ५. कंपनीने त्याचे भाडे ३ ठेवले. पण मग सुखवस्तू माणूसही विचार करतो: उघड्यात बसलो तर ३ देऊन ५ चा प्रवास, म्हणजे २ चा फायदा. त्याला छपराखाली टिकवायचे तर तिथेही २ चा फायदा ठेवायला हवा. म्हणून छपराच्या डब्याचे भाडे १० वरून ८ वर येते. कंपनीला मिळतात ८०० अधिक ३००, म्हणजे ११००. आधीपेक्षा १०० जास्त. सुखवस्तूंचे प्रत्येकी २ वाचले. गरीब भिजत का होईना गाडीने गेले. कोणाचेच नुकसान झाले नाही. प्रवाशांना प्रवासाचे जे मोल वाटते त्याची बेरीज, म्हणजे समाजाचा एकूण लाभ, आधी १००० होता, आता १३०० झाला.

म्हणजे तो क्रूर डबाच गरिबाला गाडीपर्यंत आणतो. छप्पर घातले असते तर सुखवस्तूही त्यातच बसले असते, मग कंपनीने तो डबा जोडलाच नसता.

पण इथेच थांबू नये. कंपनीने आता बाकेही काढून टाकली असे समजा. उभ्याने जाणे गरिबाला अडीच फ्रँकचे वाटते, सुखवस्तू माणसाला फार तर ३ चे. उघड्या डब्याचे भाडे अडीच झाले. सुखवस्तू माणसाला तिथे फक्त अर्ध्या फ्रँकचा फायदा दिसतो, म्हणून छपराचे भाडे साडेनऊपर्यंत चढवता येते. कंपनीची मिळकत ९५० अधिक २५०, म्हणजे १२००. बाके काढल्याने १०० ची कमाई वाढली! समाजाचा लाभ मात्र १३०० वरून १२५० वर आला. बाके काढून कंपनीचे लाकूड वाचले म्हणून नव्हे. लाकूड फुकट असते तरी तिने ती काढलीच असती. द्युपुईचा मुद्दा हाच. तळच्या वर्गाची गुणवत्ता किती घसरावी हे खर्चावर ठरत नाही. वरच्या वर्गाला किती घाबरवायचे आहे यावर ती ठरते.

आता फक्त एक आकडा बदलू. गरीब प्रवासी १०० नव्हे, ३०० आहेत. एकच वर्ग ठेवला तर १० भाड्याने मिळतात १०००, पण ४ भाड्याने ४०० प्रवाशांचे १६००. कंपनी आपण होऊनच भाडे ४ ठेवेल आणि सगळे छपराखाली बसतील. समाजाचा लाभ १००० अधिक १२००, म्हणजे २२००. बाके असलेला उघडा डबा जोडला तर कंपनीला ८०० अधिक ९०० असे १७०० मिळतात, आणखी शंभर. ती डबा जोडणार. पण आता सुखवस्तू ४ ऐवजी ८ देतात, गरीब छपराऐवजी पावसात बसतात आणि समाजाचा लाभ १९०० वर येतो. कंपनीच्या शंभर फ्रँकपायी समाजाचे तीनशे गेले.

डबा तोच, युक्ती तीच, पण पहिल्या खेपेला कल्याण वाढले आणि दुसऱ्या खेपेला घटले. फरक कशाने पडला? तो डबा नसता तर गरीब माणूस कुठे असता, यावर सगळे अवलंबून आहे. पायी असता, तर उघडा डबा हे वरदान. छपराखाली असता, तर ती लूट.

विसाव्या शतकात पिगू, जोन रॉबिन्सन आदींनी मूल्यभेदाचा पुष्कळ ऊहापोह केला. त्यातून निघालेली एक कसोटी हॅल व्हेरियन याने १९८५ मध्ये व्यापक स्वरूपात सिद्ध केली: तीच वस्तू वेगवेगळ्या दरांनी विकून समाजाचा लाभ वाढायचा असेल, तर एकूण विक्री वाढलीच पाहिजे. कसोटी सुटसुटीत आहे, पण वस्तू तीच असेल तेव्हाची. गुणवत्ता बदलली की नुसती डोकी मोजून भागत नाही. बाके काढली तेव्हा प्रवासी २०० चे २०० च राहिले, तरी लाभ घटला. किती जण गेले याबरोबर कसे गेले हेही पाहावे लागते. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. या हिशोबात गरिबाचा फ्रँक आणि श्रीमंताचा फ्रँक सारखाच धरला आहे. ज्याच्या खिशात चारच आहेत त्याचा एक फ्रँक आणि ज्याच्या खिशात हजार आहेत त्याचा एक फ्रँक यांची बेरीज करणे हे सोयीचे आहे, निर्विवाद नाही.

फळ्यावरून पुन्हा रुळांवर येऊ. २४ डिसेंबर १८४१ ची पहाट. लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टलकडे एक मालगाडी निघाली होती. इंजिनामागे तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या उघड्या गाड्या आणि त्यांच्या मागे मालाचे जड डबे. प्रवाशांत पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट होते, नाताळासाठी घरी निघालेले. रेडिंगच्या अलीकडे सॉनिंग इथे डोंगर कापून केलेल्या खिंडीत पावसाने दरड कोसळली होती. इंजिन मातीत घुसले आणि मागच्या मालडब्यांनी मधल्या उघड्या गाड्या दाबल्या. बुटक्या फळ्यांवरून माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच मेले, नववा नंतर. काट्याचा धाक श्रीमंताला, मार गरिबाला, याचा अर्थ इथे शब्दशः कळतो. आमच्या फळ्यावरच्या गणितात जिवाच्या धोक्याचा रकाना नव्हता.

या अपघाताने तिसऱ्या वर्गाची चर्चा पार्लमेंटपर्यंत पोहोचली आणि १८४४ मध्ये ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने रेल्वे नियमन कायदा झाला. (पुढे चार वेळा पंतप्रधान झालेला हाच तो ग्लॅडस्टन, त्या वेळी तो व्यापार मंडळाचा अध्यक्ष होता.) कायद्यातल्या अटी वाचताना आपले गणित आठवावे. नव्या प्रवासी मार्गांवर रोज प्रत्येक दिशेने निदान एक गाडी तिसऱ्या वर्गासाठी सोडायची. ती प्रत्येक स्थानकावर थांबली पाहिजे. सरासरी वेग ताशी १२ मैलांहून कमी नको. डब्यात बसायला जागा हवी आणि ऊनपावसापासून आडोसा हवा. भाडे मैलाला एका पेनीपेक्षा जास्त नको.

नुसते ‘छप्पर घाला’ एवढेच म्हटले असते तर? आपल्या पहिल्या उदाहरणातल्या कंपनीने तिसरा वर्गच बंद केला असता आणि गरीब पुन्हा पायी गेले असते. छप्पर, भाडे आणि रोजची गाडी ही तिन्ही कलमे एकत्र होती म्हणून कायद्याला दात आले. बदल्यात या गाड्यांच्या भाड्यावरचा सरकारी कर माफ झाला. द्युपुईचा लेख यायला अजून पाच वर्षे होती, पण मसुदा करणाऱ्यांना कंपन्यांची चाल कळलेली होती असे मला वाटते.

कंपन्याही काही कमी नव्हत्या. छप्पर सक्तीचे, बसायला जागा सक्तीची. मग मोकळे काय राहिले? वेळ आणि वेग. बऱ्याच कंपन्यांनी ही ‘पार्लमेंटरी’ गाडी भल्या पहाटे किंवा अशाच गैरसोयीच्या वेळी सोडली आणि कायद्याने सांगितलेल्या किमान वेगापेक्षा फारशी पुढे जाऊ दिली नाही. ज्याच्या वेळेला मोल आहे असा व्यापारी त्या गाडीत बसणार नाही, याची ही व्यवस्था. छपरातून काढलेला काटा घड्याळात जाऊन बसला.

हा काटा उपटला तो कायद्याने नव्हे, तर एका कंपनीनेच. मिडलंड रेल्वेचा व्यवस्थापक जेम्स ऑलपोर्ट याने १८७२ मध्ये आपल्या सगळ्या गाड्यांत, जलद गाड्यांतही, तिसऱ्या वर्गाला प्रवेश दिला. १८७५ पासून त्याने दुसरा वर्ग मोडून टाकला, पहिल्या वर्गाचे भाडे दुसऱ्याच्या पातळीवर आणले आणि तिसऱ्या वर्गाला गाद्या दिल्या. इतर कंपन्यांनी बोटे मोडली, पण हळूहळू त्याच वाटेने गेल्या. ऑलपोर्ट दयाळू होता म्हणावे, तर मिडलंडला प्रतिस्पर्ध्यांचे प्रवासी ओढायचे होते हेही खरे. पण माझ्या मते मुख्य कारण आपल्या दुसऱ्या उदाहरणात आहे. कारखान्यांच्या त्या तीस वर्षांत तिसऱ्या वर्गाने जाणारे लोक इतके वाढले की १०० च्या जागी ३०० झाले. प्रतिस्पर्धी शेजारच्या रुळावर उभा असताना एवढ्या गिऱ्हाइकांना छळणे परवडेना. गंमत अशी की मधला वर्ग गेला तरी तिसऱ्याला तिसराच म्हणत राहिले. ब्रिटनमध्ये त्याला दुसरा वर्ग हे नाव मिळाले १९५६ मध्ये.

आपल्याकडे काय झाले? भारतात पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा असे वर्ग पुष्कळ काळ होते आणि गर्दी सगळी तिसऱ्यात. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक पुस्तिका लिहिली. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांनी १३ रुपये ९ आणे भरले होते. पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटीहून जास्त, पण तिसऱ्या वर्गाला त्या सुखसोयींचा पाचवा सोडा, दहावा हिस्सा तरी मिळतो का, असा त्यांचा सवाल होता. प्रश्न अगदी द्युपुईच्या वळणाचा आहे. तरी भारतातल्या तिसऱ्या वर्गाचे सगळे हाल द्युपुईच्या खात्यावर टाकू नयेत. पाचपट भाडे देऊन वर चढू शकणारे त्या गर्दीत मूठभर. त्यांना घाबरवण्यासाठी एवढे हाल करायची गरज नव्हती. प्रवाशाला दुसरी वाट नाही आणि त्याची तक्रार ऐकणारे कोणी नाही, एवढे पुरेसे होते. द्युपुईचा तर्क लागू पडतो तो तिसऱ्या आणि इंटरच्या मधल्या फटीत, जिथे एखादा कारकून खिसा चाचपत उभा असे.

१९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदोपत्री संपला आणि त्याला दुसरा म्हणू लागले. फळ्या मात्र त्याच होत्या. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेले मधू दंडवते हे अहमदनगरात जन्मलेले आणि कोकणातल्या राजापूरचे खासदार. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती फक्त दुसऱ्या वर्गाची. वर्गच एक असेल तर कोणाला घाबरवण्यासाठी कोणाची गादी काढायची, हा प्रश्न उरत नाही.

वस्तू मुद्दाम बिघडवून विकण्याची रीत मात्र रेल्वेपुरती राहिली नाही. १९९० मध्ये आयबीएमने लेझरप्रिंटर ई हे स्वस्त यंत्र आणले. मूळ यंत्र मिनिटाला १० पाने छापी, हे ५. आतले भाग जवळजवळ तेच. फरक एवढाच की यंत्राला मध्येच थांबवणारी सोय जास्तीची घातलेली. म्हणजे स्वस्त यंत्र बनवायला उलट थोडा अधिक खटाटोप! इंटेलने १९९१ मध्ये ४८६ एसएक्स ही चिप विकली, तिच्यातला अपूर्णांकी आकडेमोड करणारा भाग बंद केलेला होता. डेनेकेरे आणि मॅकफी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अशा ‘बिघडवलेल्या वस्तूं’वर लेख लिहून दाखवले की काही परिस्थितींत विक्रेता, महाग घेणारा आणि स्वस्त घेणारा अशा तिघांचाही यात फायदा होतो. आपल्या पहिल्या उदाहरणात जवळजवळ तेच झाले होते.

वर्गात हे गणित घ्यायचे असेल तर गरीब प्रवासी १५० घेऊन पाहावे. एकाच वर्गात भाडे १० ठेवा की ४, कंपनीला १००० च मिळतात. मग बाके असलेला उघडा डबा जोडायचा आणि समाजाचा लाभ वाढला की घटला ते मुलांना काढू द्यायचे. अर्ध्या वर्गाचे उत्तर एक येईल, अर्ध्याचे दुसरे, आणि दोघांचीही आकडेमोड बरोबर असेल.